गिझर लावला की आरसीसीबी पडतो, पण दोष गिझरचाच असेल असं नाही

डिचोली तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासरचं जुनं जांभ्या चिऱ्याचं घर, काही वर्षांपूर्वी वायरिंग नव्याने करून घेतलं, तेव्हा डीबीत, म्हणजे सगळ्या खटक्यांच्या पेटीत, आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा खटका) बसवला. जून लागल्यापासून तो सारखा पडतोय. बहुतेक वेळा संध्याकाळी, आणि गिझर किंवा इस्त्री लावली की हमखास. वायरमनने आधी आरसीसीबी बदलला, मग गिझरची कॉइल बदलली, तरी तेच. आता तो म्हणतो, पावसात असं व्हायचंच, आरसीसीबी काढून डायरेक्ट करून देतो. करून घ्यावं का?

नाही ताई, अजिबात करून घेऊ नका. आणि तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. गिझर किंवा इस्त्री, असं तुम्ही लिहिलंय. दोन वेगळी उपकरणं, दोन वेगळ्या सर्किटवर, आणि दोन्ही लावली की तोच खटका पडतो. दोन्ही एकाच वेळी बिघडली असण्यापेक्षा घरात कुठेतरी न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, वायर अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला लागलेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. गोव्यात पावसाळ्यात येणाऱ्या अशा तक्रारींमध्ये हा दोष मला वारंवार सापडतो, आणि नेमका हाच सगळ्यात शेवटी तपासला जातो.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढची तपासणी आपोआप कळेल. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तर पडतो तो एमसीबी. आरसीसीबीला लोडशी देणंघेणं नाही. फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का, एवढंच तो बघतो. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. एवढा फरक पडला की तो पडायलाच हवा, आणि मानकाप्रमाणे १५ च्या पुढे तो कधीही पडू शकतो. प्रत्यक्षात बरेचसे वीस-पंचवीसच्या आसपास पडतात. हरवलेला करंट अर्थिंगच्या वायरीतून गेला, ओल्या चिऱ्यातून गेला की माणसाच्या अंगातून, हे त्याला कळत नाही. तो सरळ लाइन तोडतो. साधारण १० मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे काही क्षण गेले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून हा आकडा ३० आहे.

आता गिझर. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर घेतो. हे सगळे पावणेनऊ अँपिअर न्यूट्रलने परत जायला हवेत. पण समजा पंपाच्या सर्किटमध्ये न्यूट्रलची वायर कुठेतरी सोलून अर्थला चिकटली आहे. डीबीतल्या न्यूट्रल लिंकवर घरातल्या सगळ्या न्यूट्रल एकत्र असतात. त्यामुळे गिझरच्या परतीच्या करंटला दोन वाटा मिळतात, एक नेहमीची आणि दुसरी पंपाच्या त्या जखमेतून जमिनीत. या दुसऱ्या वाटेने हजारात तीन हिस्से जरी गेले तरी ते २६ मिलिअँपिअर होतात आणि आरसीसीबी पडतो. गिझर ठणठणीत, पंप बंद, दोष पंपाच्या वायरीत, आणि कॉइल बदलली गेली गिझरची.

संध्याकाळी जास्त पडण्याचंही कारण यातच आहे. वीज खात्याच्या लाइनवरचा न्यूट्रल आणि तुमच्या अंगणातली माती यांच्यात नेहमी थोडा फरक असतो, दोन-चार व्होल्टचा. संध्याकाळी आजूबाजूच्या घरांचा लोड वाढला की तो वाढतो. घरातला न्यूट्रल अर्थला लागलेला असला तर तेवढ्या व्होल्टवरही करंट वाहतो. तुमच्या घरात काही चालू नसतानाही खटका पडला तर गोंधळून जाऊ नका. आणि पावसात माती, भिंत, चिरा सगळं भिजलेलं असतं, जमिनीकडे जायची वाट सोपी होते. एप्रिलमध्ये हाच दोष गप्प असतो.

डीबीचं कव्हर न उघडता, तुम्हाला स्वतःला करता येईल असं बरंच आहे. हात कोरडे ठेवा, पायात रबरी चप्पल घाला, आणि ही तपासणी दिवसाउजेडी करा. खटका पडला की डीबीतले सगळे एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करून बघा. सगळे एमसीबी खाली असतानाही तो टिकत नसेल तर फेजच्या बाजूचा दोष जवळजवळ बादच होतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक डीबीत एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणजे दोष न्यूट्रलचा, किंवा क्वचित खुद्द आरसीसीबीचा. तुमच्याकडे तो बदलूनही तेच होतंय, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायला आता फारशी जागा नाही.

टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा, मध्ये जरा थांबून. एखादा ठरावीक एमसीबी वर केला की लगेच पडतो असं झालं तर त्याच सर्किटमध्ये फेजची गळती असण्याची शक्यता मोठी. त्या सर्किटवरची सगळी उपकरणं प्लग काढून बाजूला करा आणि पुन्हा बघा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, प्लग काढायलाच हवा. साध्या बटणाने फेज तुटतो, न्यूट्रल उपकरणात तसाच जोडलेला राहतो, आणि गिझरच्या कॉइलला न्यूट्रलच्या टोकाकडे छेद पडला असेल तर बटण बंद असूनही खटका पडतो. गिझर डबल पोल स्विचवर असेल तर मात्र स्विच बंद केल्यावर दोन्ही तुटतात.

सगळे एमसीबी वर गेले, काहीच पडलं नाही, तर पुढची चाचणी करा. मला ती फार आवडते, कारण तिने घरातल्या माणसालाही खरं काय ते कळतं. दोन पिनांचा हेअर ड्रायर घ्या, हजार-बाराशे वॅटचा. बाथरूममध्ये नको, कोरड्या खोलीत, लाकडी टेबलावर. गिझर आणि इस्त्री दोन्हींचे प्लग काढलेले असू द्यात. ड्रायरला अर्थची पिनच नसते, अंग प्लास्टिकचं असतं, त्यामुळे त्याच्यातून जमिनीत करंट जायला वाट नाही. तो पूर्ण गरमीवर लावला आणि आरसीसीबी पडला, तर दोष ड्रायरचा नाही, तुमच्या घरातल्या न्यूट्रलचा आहे. दोन-तीन वेगळ्या खोल्यांतून करून बघा. सगळीकडे पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागलाय असं समजायला हरकत नाही. एकाच खोलीत पडत असेल तर त्या सर्किटची न्यूट्रल चुकीच्या लिंकवर जोडली गेली असण्याची शक्यता मोठी.

खटका एकदा-दोनदा वर करून बघणं ठीक, पण पुन्हा पुन्हा करू नका. आणि डीबीच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: किती वाजता पडला, काय काय चालू होतं, पाऊस होता का, पंप नुकताच चालवला होता का. आठवडाभराचा असा कागद हातात आला की माझं निम्मं काम झालेलं असतं. लोक सांगतात "कधीही पडतो". कागदावर उतरवलं की दिसतं, पंप चालवल्यानंतरच्या अर्ध्या तासात पडतो.

इथून पुढचं काम परवानाधारक वायरमनचं. आरसीसीबी बंद केला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलवर लाइन जिवंतच असते, तेव्हा कव्हर तुम्ही उघडू नका. वायरमनला बोलावताना फोनवरच विचारा, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) आहे का. नसेल तर दुसरा बघा. मल्टिमीटर बॅटरीवर चालतो, दोन-चार व्होल्टवर मोजतो; ओली भिंत किंवा अर्धवट सोललेलं इन्सुलेशन त्याला निर्दोष वाटू शकतं. मेगर ५०० व्होल्ट लावून मोजतो, म्हणून दोष उघडा पडतो. फेजच्या गळतीचं गणित साधं आहे: २३० व्होल्टवर १५ मिलिअँपिअर गळायला सुमारे १५ किलोओहमची वाट पुरते.

मी करतो ती पद्धत अशी. मेन स्विच बंद. घरातले सगळे प्लग बाहेर, इन्व्हर्टर आणि सर्ज प्रोटेक्टर असेल तर तोही सुटा. मग न्यूट्रल लिंकवरच्या सगळ्या वायरी एकेक करून सोडायच्या, प्रत्येकीवर कोणत्या एमसीबीची ते चिठ्ठी लावून. इथेच बहुतेकांचा कंटाळा येतो आणि इथेच दोष सापडायचा असतो. मग प्रत्येक न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मेगर लावायचा. बसवलेले एलईडी दिवे जोडलेलेच असतील तर त्या सर्किटचे फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी मोजायचे, नाहीतर ५०० व्होल्टने दिव्यांचे ड्रायव्हर जातील. चांगलं वायरिंग शेकडो मेगाओहम दाखवतं. जुन्या घरात भर पावसात पाच-दहा मेगाओहम आले तरी मी घाबरत नाही. एक मेगाओहमच्या खाली आलं की ते सर्किट सोडायचं नाही. आणि ज्या न्यूट्रलवर काटा शून्याला टेकतो, ती सापडली. तेवढी एक बाजूला ठेवून बाकीच्या जोडल्या की घर लगेच चालू करता येतं. त्या सर्किटचा एमसीबी मात्र खाली करून त्यावर टेप लावायचा.

मग ते सर्किट मध्यावरच्या जंक्शन बॉक्सला तोडायचं. दोष अलीकडे की पलीकडे, ते मेगर सांगतो. पुन्हा त्या अर्ध्याचं अर्धं करायचं. भिंत फोडायची वेळ फार क्वचित येते.

सापडतं काय? पहिला मान स्विचबोर्डच्या स्क्रूचा. लोखंडी बॉक्समध्ये वायरी कोंबलेल्या असतात, वर प्लेट ठेवून लांब स्क्रू आवळला जातो आणि त्याचं टोक काळ्या वायरीच्या इन्सुलेशनमध्ये शिरतं. बोर्ड उघडून वायर उजेडात फिरवली की टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसतं, कडेला हिरवट डाग. कोरड्या दिवसांत काही होत नाही; भिंतीची ओल बॉक्समध्ये उतरली की तेवढं भोक पुरतं. चिऱ्याच्या भिंतीत ही ओल जास्त, कारण चिरा सच्छिद्र, बाहेरून गिलावा नसेल तर पावसाच्या बाजूची भिंत सप्टेंबरपर्यंत ओलीच राहते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वायरिंग हिवाळ्यात केलं, हिवाळ्यात तपासलं, आणि सगळं ठीक म्हणून सोडून दिलं, असं इथे चालत नाही.

दुसरा विहिरीवरचा पंप. तुमच्या घराला तो असणारच, आणि माझा पहिला संशय त्याच्यावर आहे. घरातून विहिरीपर्यंतची केबल बहुतेक ठिकाणी कुळागरातून नाहीतर कुंपणाच्या कडेने गेलेली असते, मध्ये कुठेतरी जोड असतो, आणि तो जोड साध्या काळ्या टेपचा असतो. टेप दोन पावसाळ्यांत सुटतो. पाण्यातल्या पंपाच्या केबलचा जोड तर हीट श्रिंक किटनेच (गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या नळीने) व्हायला हवा, तिथे टेपला थाराच देऊ नये. पंपाची न्यूट्रल डीबीतून सुटी केली आणि घरातला खटका दोन दिवस पडला नाही, तर पुढे शोधायचं काही उरत नाही.

त्यानंतर बाहेरचे दिवे. गेटवरचा, पडवीतला, तुळशीजवळचा. होल्डरमध्ये पाणी, मुंग्यांनी भरलेली माती, क्वचित पाल. पाइपचं तोंड वर असेल तर पाइपच पाणी आत नेऊन सोडतो. दुरुस्ती करताना बॉक्स पाणीबंद घ्या, वायर खालून आत येऊ द्या, आणि बॉक्सच्या आधी वायरीला खाली एक झोल द्या म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाईल. समुद्राजवळच्या घरांत, म्हणजे बार्देश, सासष्टीच्या किनाऱ्याला, एसीच्या बाहेरच्या युनिटची टर्मिनलंही उघडून बघावी लागतात. खाऱ्या हवेने ती हिरवी पडतात आणि त्या थरावरून गळती होते.

गिझरला मी निर्दोष ठरवत नाही. वर्षभर बंद राहिलेल्या गिझरच्या कॉइलमध्ये ओल शिरते. कॉइलच्या नळीत आतल्या तारेभोवती भरलेली पांढरी पूड दमटपणा शोषून घेते आणि पहिल्यांदा लावला की खटका पडतो. नळीला सूक्ष्म चीर पडली असेल तर गरम होत आल्यावर, पाच-सात मिनिटांनी पडतो. पण मग तो फक्त गिझरलाच पडतो, इस्त्रीला नाही. काही जण सुचवतात, थोडा वेळ आरसीसीबी बाजूला करून गिझर चालवा, कॉइल सुकेल. हे प्राणघातक आहे. त्या वेळात कुणी नळाखाली हात धरला तर मध्ये अडवणारं काहीच नसतं.

इन्व्हर्टर नंतर बसवला असेल तर तेही बघा. तो बसवणारा इनपुट फेज घाईत थेट मेन स्विचवरून घेतो आणि न्यूट्रल मात्र आरसीसीबीनंतरच्या लिंकवर ठेवतो. मग जाणारा करंट आरसीसीबीतून जातच नाही, येणारा मात्र जातो, आणि खटका पडणं अटळ. याला दुरुस्ती एकच, फेज आणि न्यूट्रल दोन्ही आरसीसीबीच्या एकाच बाजूला आणणं.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला मनापासून सांगायची आहे. जुन्या घरांत अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आलेलीच नसते, तेव्हा कुणीतरी तीन पिनांच्या सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून ठेवतं. टेस्टिंगचा दिवा लावून दाखवतं, बघा, अर्थ आहे. आरसीसीबी अशा घरात टिकत नाही आणि टिकूही नये. त्या जोडामुळे बाहेर खांबावर न्यूट्रल तुटला की फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर, सगळ्यांच्या अंगावर २३० व्होल्ट येऊन बसतात. तुमच्या वायरमनला प्रत्येक सॉकेट उघडून हा तुकडा शोधायला सांगा. आणि दिवे मध्येच प्रखर, मध्येच मंद होत असतील तर लाइनवरचाच न्यूट्रल सैल आहे. घरात शोधत बसू नका, मेन स्विच बंद करा आणि १९१२ वर वीज खात्याकडे तक्रार नोंदवा.

आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबत जा. दाबल्यावर तो पडला नाही तर त्याच दिवशी बदला. मात्र त्या बटणाने अर्थिंग चांगलं आहे हे सिद्ध होत नाही. बटण आतल्या आत फरक निर्माण करून यंत्रणा हलते का एवढंच बघतं, अर्थिंगची वायर तुटलेली असली तरी ते काम करतं. अर्थिंग वेगळं मोजून घ्यावं लागतं, आणि तेही उन्हाळ्यात, कारण आपली जांभ्याची जमीन मे महिन्यात वाळून खडखडीत होते आणि पावसात चांगला दिसणारा अर्थिंगचा खड्डा तेव्हा निकामी ठरतो.

सगळं तपासून कुठेच ठळक दोष सापडला नाही, असंही कधी होतं. आताच्या घरात इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, संगणक, टीव्ही, प्रत्येकाच्या फिल्टरमधून थोडी थोडी गळती कायमची असते. अशा वेळी मिलिअँपिअर मोजणारा लीकेज क्लॅम्प फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर एकत्र लावून बघतात. साधा क्लॅम्प मीटर इथे उपयोगाचा नाही. सगळं चालू असताना ९-१० मिलिअँपिअरच्या वर दिसलं तर एका आरसीसीबीवर भार जास्त आहे असं मी समजतो आणि सर्किट विभागतो. नवीन आरसीसीबी घेताना 'टाइप ए' प्रकारचा घ्या. इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशीनची गळती साध्या 'टाइप एसी' प्रकारच्या आरसीसीबीला नीट ओळखता येत नाही.

तुमच्या घरासाठी माझा सल्ला असा. आधी पंपाची आणि बाहेरच्या दिव्यांची न्यूट्रल सुटी करून मेगर लावा. दोष सापडला, दुरुस्त झाला की पंपाला एक आणि बाहेरच्या दिव्यांना एक असे ३० मिलिअँपिअरचे दोन वेगळे आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचं काम एकत्र करणारे खटके) द्या, आणि त्यांच्या न्यूट्रल घराच्या लिंकवर न नेता त्या त्या आरसीबीओवरच जोडा. ते आता असलेल्या आरसीसीबीच्या आधी, मेन स्विचवरून घ्यायचे, नाहीतर बाहेरचा दोष पुन्हा सगळं घर पाडेल. गिझरला परवडत असेल तर तिसरा. चवथीला माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या चौकटीच्या, भोवतीच्या आणि अंगणातल्या दिव्यांच्या माळा बाहेरच्या दिव्यांच्या आरसीबीओवरून घ्या. पावसाची सर आली आणि एखादी माळ भिजली तर तेवढ्या माळा बंद होतील, फ्रिज आणि घरातले दिवे चालू राहतील.